पिना मारलेल्या गोष्टी

लग्न करून मी बसवनगुडीतल्या घरी राहायला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन सुटकेस होत्या आणि एक पुस्तक होतं. पुस्तक वेगळं सांगायचं कारण असं, की ते कुठल्याच सुटकेसमध्ये मावत नाही. पोळपाटापेक्षा मोठं आहे आणि उचलायला दोन्ही हात लागतात. जगभरातल्या जुन्या परीकथा, सचित्र आणि सटीप, इंग्रजीत. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करत होते आणि परीकथा वाचत होते. अजूनही वाचते. यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

ते मी लग्नाच्या बऱ्याच आधी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलं होतं. घरी आणताना मेट्रोच्या स्टेशनवर तपासणीला माझी पिशवी अडवली. तिथल्या गणवेशातल्या बाईंनी पुस्तक बाहेर काढून मधलंच एक पान उघडलं. पानभर रंगीत चित्र, त्याच्यावर जपून लावलेला पातळ बटर पेपर. तो बाजूला केल्यावर खाली झाडाच्या ढोलीत बसलेली एक चेटकीण, मांडीवर कोंबडी घेऊन. बाई बघत राहिल्या आणि माझ्या मागे रांग वाढत गेली. शेवटी ‘सरी, होगी’, म्हणजे ठीक आहे, जा, असं म्हणाल्या आणि मला सोडायच्या आधी बटर पेपर पुन्हा नीट बसवून दिला. ऑफिसात दाखवलं तेव्हा मात्र सगळे हसले. ‘ये तो बच्चों की किताब है ना?’ असं तिघांनी तरी विचारलं.

मी कुणाला समजवायला गेले नाही. ज्याला हे पुस्तक का आवडावं हे कळत नाही, त्यानं ते उघडून बघावं. पानाच्या मधोमध गोष्ट चाललेली असते आणि कडेला तांबड्या शाईत बारीक अक्षरात टिपा असतात. गोष्ट म्हणते, राजकन्या रडत बसली. टीप म्हणते, डोंगरापलीकडच्या गावात हीच राजकन्या रडत नाही, दागिने विकून घोडा घेते. टिपा लिहिणारा म्हणजे लग्नघरातला तो काका, कुणी काही सांगायला लागलं की मध्येच ‘खरं म्हणजे तसं नव्हतं झालं’ म्हणणारा. लोकांना असे काका नको असतात, मला फार आवडतात. शिवाय एकाच प्रसंगाची तीन-तीन चित्रं. एका चित्रकाराचा लांडगा गल्लीतल्या कुत्र्यासारखा, दुसऱ्याचा कोट घातलेला, आणि तिसऱ्यानं लांडगा काढलेलाच नाही, नुसती दारावर सावली. माझ्या कामामुळे असेल, पण जी गोष्ट सगळे एकाच पद्धतीनं सांगतात तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

तर असं पुस्तक घेऊन मी त्या घरात आले. नवऱ्याची पहिली बायको आजारानं गेली तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. माझं लग्न झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. मी मूळची नागपूरची, नोकरीसाठी इथं आलेली. नवऱ्याचं घराणं बेळगावकडचं, दोन पिढ्यांपासून इथं राहिलेलं, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारं. खालच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही. तिला सगळे अक्का म्हणतात, तिची भाचीसुद्धा. मधली तीन वर्षं त्या मुलीला न्हाऊमाखू घालून अक्कांनीच वाढवलं.

अक्कांनी पहिल्याच दिवशी माझं पुस्तक चाळलं. “झकास आहे गं,” त्या म्हणाल्या. “खरं पोरीच्या हाताला लागायला नको.” त्यांच्या बेळगावी बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

“फाटलं तर फाटलं, अक्का.”

“फाटायचं नव्हे. आत कसल्या कसल्या गोष्टी असतात, ठाऊक आहे की तुला. स्वल्प वर ठेव.”

मी नवी नवरी. पुस्तक कपाटावर ठेवलं.

महिन्याभरानं मुलीच्या पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला. गोष्टींच्या पुस्तकांतली काही पानं एकमेकांना चिकटल्यासारखी होती. नीट पाहिलं तर कडेनं स्टेपलरच्या पिना मारलेल्या. एका पुस्तकात दोन गोष्टी बंद, दुसऱ्यात एक, एक पातळ पुस्तक तर अथपासून इतिपर्यंत शिवल्यासारखं. मी फटीतून डोकावून पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या ज्या गोष्टीत सावत्र आई होती, ती ती गोष्ट बंद केलेली होती.

नवऱ्याला विचारलं तर त्यानं मान खाली घातली. लग्न ठरल्यावर अक्का दोन दुपारा खाली बसून हेच करत होत्या म्हणे. “तिचा हेतू चांगला होता,” तो म्हणाला. माझा नवरा भला माणूस आहे, पण दोन्ही बाजूंना एकाच वेळी मान डोलवायची कला त्याला साधलेली आहे.

मी तशीच खाली गेले. “अक्का, या पिना काहून मारल्या?”

“तुझ्यासाठीच गं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. “पोरगी काय काय वाचणार, मनात काय काय घेणार. तुझं बस्तान नीट बसू दे म्हणून.”

“मी सावत्र आहे, हे तिला माहीत आहे ना?”

“माहीत आहे. खरं वाचायला कशाला पाहिजे?”

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे शाळेत शिकवणाऱ्या बाईला मी काय सांगणार? मी वर आले. पण राग गेला नाही. मला न विचारता माझ्यावर एक आरोप ठेवून, त्यातून मला लपवून वाचवलं होतं. जी गोष्ट पीन मारून बंद करावी लागते ती खरीच असणार, असं कुठलंही पोर समजेल.

आणि ती पोर कशी होती? अतिशय शहाणी. इतकी की मला रात्रंदिवस घोर लागला. फ्रीजमधलं पाणी घ्यायच्या आधी विचारायची. मला ‘तुम्ही’ म्हणायची, आणि हाक अशी कधी मारायचीच नाही. समोर येऊन उभी राहायची आणि बोलायला सुरुवात करायची. जेवायला बसलं की मी पहिला घास घेईपर्यंत ताटाला हात लावायची नाही. नवरा कौतुकानं म्हणायचा, ‘बघ, किती वळण लावलंय अक्कानं.’ दीड वर्षात ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. मी माझ्या आईशी दिवसातून चारदा भांडायची, म्हणून मला ठाऊक होतं की हे लक्षण बरं नाही. पाहुणे भांडत नाहीत. मला ती पाहुणी म्हणून नको होती, एवढंच माझं मागणं होतं.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले. तिथल्या एका काकूंनी, मी शेजारी उभी असताना, तिच्या हनुवटीला हात लावून विचारलं, “काय गं, नीट वागवते ना तुला?” जसं काही मी कानानं ऐकत नाही. मुलगी म्हणाली, “हो.” लगेच, पाठ केल्यासारखं. काकूंनी माझ्याकडे बघून गोड हसून तिळगूळ दिला. मी तो खाल्ला नाही. पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन फेकला, आणि त्याच दिवशी ठरवलं की आता बास.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्टुलावर चढून ते पुस्तक कपाटावरून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. इडली खाऊन झाल्यावर तिला म्हटलं, “बस. गोष्ट वाचू.” रात्रीची गोष्ट अक्कांची होती, तिच्यात मी हात घातला नाही. ही सकाळची, उजेडातली.

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. ती चित्रं बघायची आणि टिपांची तिला माझ्यापेक्षा जास्त गोडी लागली. गोष्ट जरा रेंगाळली की कडेच्या तांबड्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणायची, “टीप.” टीप वाचली की मगच पुढं जायचं. एकदा तिनं विचारलं, “ह्या टिपा कोण लिहितं?”

“ज्याला गोष्टीपेक्षा जास्त माहीत असतं तो.”

“आणि त्याला कोणी ओरडत नाही? पुस्तकात लिहिलं म्हणून?”

“नाही,” मी म्हटलं. “उलट त्याचं नाव मुखपृष्ठावर छापतात.” तिनं पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचं ते नाव वाचलं.

बेडूक झाले, कोल्हे झाले, बोलणारे मासे झाले. सातव्या की आठव्या रविवारी त्या राणीची गोष्ट आली. मुलीला जंगलात पाठवणारी, मग वेष बदलून तिला विषारी फळ देणारी. डाव्या पानावर तिचं मोठं चित्र आहे, हिरवं पातळ नेसल्यासारखा झगा, हातात फळ, आणि तोंडावर इतकं प्रेमळ हसू की अंगावर काटा यावा. मी वाचायला लागले. राजानं दुसरं लग्न केलं, नवी राणी आली. पुढचा शब्द आला आणि माझी जीभ त्याच्यावरून घसरली. मी नुसतं ‘राणी’ म्हटलं आणि पुढं गेले.

तिनं बोट उचललं आणि मागच्या ओळीवर आणून ठेवलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिला वाचता येत होतं, हे मी विसरले होते. “इथं एक शब्द आहे,” ती म्हणाली. “तुम्ही सोडला.”

चोराच्या मनात चांदणं. अक्कांना दोन दुपारा लागल्या होत्या, मला एक क्षण लागला. इतके दिवस मी मनातल्या मनात अक्कांशी भांडत होते आणि वेळ आली तेव्हा मीही त्यांच्यासारखीच पीन मारली. मला माझीच इतकी लाज वाटली की तोंडून खरंच निघालं. “हो, सोडला. सावत्र आई असा शब्द आहे. मला भीती वाटली.”

“कशाची?”

“तू मला तशी समजशील याची.”

ती चित्राकडे बघत म्हणाली, “मी सगळ्या गोष्टी वाचल्यात. पट्टीच्या टोकानं पिना काढल्या. मग पप्पांच्या टेबलावरच्या स्टेपलरनं परत मारल्या, अक्काला वाईट वाटू नये म्हणून.” पुढं तिनंच विचारलं, “तुम्ही कधी सुरू करणार?”

“काय सुरू करणार?”

“ते. वाईट वागणं. गोष्टीत पहिल्यांदा चांगल्याच असतात.”

मला तेव्हा तो पहिला घास आठवला. दीड वर्ष ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि आम्ही त्याला वळण म्हणत होतो. जेवणात विष असेल म्हणून का, असं मी विचारलं, आणि तिनं हो म्हणून मान हलवली. तुम्ही खाल्लं की मग खायचं, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. मला रडू आलं आणि मी रडले, लपवून नाही, तिथंच टेबलाशी.

डोळे पुसून मी म्हटलं, “टीप वाचू या का?” दुसरं काही सुचलंच नाही. त्या पानावरची टीप मला जवळजवळ पाठ होती आणि माझा सगळा भरवसा तिच्यावर होता. टीप अशी, की या गोष्टीच्या आधीच्या छापील प्रतीत ही राणी मुलीची सख्खी आईच होती. पुढं पुस्तक घराघरांत जायला लागलं, तेव्हा आईचा मान राखायला हवा म्हणून छापणाऱ्यांनी तिला सावत्र केलं. ही टीप मी पहिल्यांदा वाचली तेव्हा, लग्नाच्या आधी, मला नुसती गंमत वाटली होती. लग्नानंतर मी ती एखादा कोर्टाचा निकाल वाचावा तशी वाचायची. ती मी आता मोठ्यानं, एकही शब्द न सोडता वाचली. आपण कुणासमोर काय वाचतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ती उभी राहिली. “माझी आई तशी नव्हती,” ती म्हणाली.

“तुझी नाही गं, ही गोष्टीतली—”

“माझी आई तशी नव्हती!” आता ती ओरडत होती. “तू खोटारडी आहेस! तुझं पुस्तक पण खोटारडं आहे!” तिनं पुस्तक इतक्या जोरात मिटलं की राणीवरचा बटर पेपर टर्रकन फाटला. मग दाणदाण पाय आपटत जिना उतरून ती खाली गेली.

पाचव्या मिनिटाला अक्का वर आल्या. “झालं समाधान? मी सांगत नव्हते? पोरगी रडून रडून लाल झालीया. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतलीस गं?”

“रडू द्या,” मी म्हटलं. “माझ्यावर ओरडली ती, अक्का. पहिल्यांदा. मला खोटारडी म्हणाली, तोंडावर. दीड वर्ष ती माझ्या घरात श्वास रोखून जगत होती, ते तुम्हाला चाललं. आता ओरडली तर बिघडलं?”

“तिच्या आईवरून बोललीस तू.”

“चुकलं माझं. ते मी तिला सांगेन. पण पुस्तक टेबलावरून हलणार नाही. मी सावत्र आहे आणि याच घरात राहणार आहे. मला पीन मारता येणार नाही.” मग मी त्यांना पट्टीच्या टोकाची आणि स्टेपलरची हकिगत सांगितली.

अक्का खुर्चीवर बसल्या. “सगळ्या वाचल्या?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या. आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून परत मारल्या.”

“अय्यो देवा. मग मी दोन दुपारा कशाला घालवल्या?” त्या हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे टिपायला लागल्या. आमच्यात पुढं कधी या विषयावर बोलणं झालं नाही. पण त्यांनी पुस्तक हलवायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी हलवलं नसतं.

त्या संध्याकाळी मी मुलीची माफी मागितली. “तुझी आई तशी नव्हती. मला तिच्याबद्दल काहीच माहीत नाही, मी बोलायला नको होतं.” ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. “कळलं,” एवढंच म्हणाली. पुढचे तीन रविवार पुस्तक बंद होतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि तेही घुश्शात. डब्यातली भेंडी परत आणायची आणि दाणकन ओट्यावर ठेवायची. “कच्ची आहे!” नागपूरकडच्या माझ्या घरी भेंडी तेलावर जरा कडकच परततात. अक्का ती पार मऊ करतात. माझं आणि मुलीचं यावर रोज वाजायचं. नवरा घाबरून गेला होता आणि मला सुखानं झोप लागत होती. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की ती माझ्याआधीच जेवायला सुरुवात करते.

चौथ्या रविवारी पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं दिसलं. राणीचं पान. फाटलेला बटर पेपर चिकटपट्टीनं जोडलेला, जरा तिरका. आणि तांबड्या टिपेच्या खाली, समासात उरलेल्या जागेत, पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘टीप. माझी आई अशी नव्हती. ही पण अशी नाही. ही भेंडी कच्ची ठेवते आणि वाचताना शब्द सोडते, पण विचारलं की खरं सांगते.’

मी ते चार-पाचदा वाचलं. कुणाला दाखवलं नाही, पुस्तकही मिटलं नाही.

यंदा गणपतीत दर्शनाला आमच्या घरी मंडळाची मंडळी आली. त्यांत त्या तिळगूळवाल्या काकूही होत्या. पानं मांडायला जरा अवकाश होता, तेवढ्यात त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं. ते आता त्याच पानावर उघडतं, कारण तिथली शिवण सैल झाली आहे. त्यांनी चित्र बघितलं, मग खाली वाकून पेन्सिलीची अक्षरं वाचली, आणि हलकेच पुस्तक मिटून हात पदराला पुसले. मी सगळं बघत होते. एरवी मी सारवासारव केली असती, पोरांचं काय मनावर घ्यायचं, असं म्हणाले असते. तसलं काही मी बोलले नाही. “बसा,” म्हटलं, आणि वाढायला घेतलं.

मुलगी माझ्यामागून वाढत येत होती. तिच्या हातात भाजीचं भांडं होतं. भेंडीच होती, माझ्या पद्धतीची. काकूंच्या पानाशी आल्यावर काकूंनी हात आडवा धरला. “मला नको गं.”

“घ्या काकू,” ती म्हणाली. “कच्ची असते, पण विष नसतं त्यात. मी रोज खाते.”